मागेल तेव्हा वारा

जुन्या वस्तूंच्या बाबतीत प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, आजवर चालली, यापुढेही चालेल. दुसरा म्हणतो, आजवर चालली हेच पुष्कळ झाले. दोन्ही पक्षांचे म्हणणे प्रामाणिक असते आणि दोघांनाही घराचे हितच हवे असते. पण वस्तू नेमकी कोठे कमी पडते आहे, हा साधा प्रश्न या वादात बहुधा कोणी विचारीत नाही. आमच्या घरी तो प्रश्न एका मोटारीच्या पंख्याच्या निमित्ताने विचारला गेला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटार म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि पुढे दोन वेगळ्या खुर्च्यांऐवजी एकसंध बाक. तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. अण्णांनी जयसिंगपूरच्या पेठेतील आपल्या अडत दुकानाच्या कमाईतून ही गाडी घेतली. त्या काळी नोंदणी करून गाडीची वाट पाहावी लागे. वालचंदशेठांविषयी आपल्या समाजातील त्यांच्या पिढीला जो अभिमान आहे तो अण्णांनाही होता. परंतु गाडीवर त्यांचा जीव होता तो निराळ्या कारणाने. घरातील प्रत्येक सुखदुःखाला ती दारातून बाहेर पडली होती.

सासूबाईंची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिससाठी जाणे सुरू झाले, तेव्हा या गाडीला पुन्हा रोजचे काम मिळाले. जयसिंगपूर ते सांगली अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचे. तेथे चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे आणि परत यायचे. परतताना आईंना उमासे येत, अंगात त्राण नसे. पद्मिनीच्या पुढच्या बाकावर मध्ये गिअरचा दांडा नसल्यामुळे त्यांना पाय तिरपे पसरता येत, फिस्टुलाचा हात उशीवर ठेवता येई आणि दाराच्या पुढच्या त्रिकोणी काचेतून येणारा वारा थेट तोंडावर घेता येई. माझ्या यजमानांनी त्यांना एकदा मित्राच्या नव्या वातानुकूलित गाडीतून आणले. घरी उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “गाडी झकास आहे, पण मला आपलीच बरी.”

अडचण सुरू झाली ती ऊसतोडीच्या हंगामात. आपल्या भागातील रस्ते ज्यांनी त्या दिवसांत पाहिले आहेत त्यांना निराळे सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या रांगा आणि अंकलीच्या पुलाच्या अलीकडे पंधरा-पंधरा मिनिटे जागच्या जागी उभी असलेली वाहने. अशा कोंडीत गाडी उभी राहिली की अण्णांनी पूर्वीच बसवून घेतलेल्या तापमापकाचा काटा हळूहळू लाल रेषेकडे सरकू लागे. एकदा तर झाकणापाशी वाफ दिसू लागली, तेव्हा अण्णांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि ते निवेपर्यंत अर्धा तास सर्वजण उन्हात थांबले. डायलिसिसच्या खाटा पाळीपाळीने मिळतात. उशिरा पोहोचले की आपल्या वाट्याचा वेळ कमी होतो, आणि ती उणीव पुढचे दोन-तीन दिवस रोग्याच्या सुजलेल्या पायांवर दिसते. म्हणून हा प्रश्न केवळ मोटारीचा राहिला नव्हता.

यजमान म्हणाले, “अण्णा, आता नवी गाडी घेऊ या. हिची सेवा पुष्कळ झाली.”

अण्णा म्हणाले, “मोकळ्या रस्त्यावर हिचा काटा हलत नाही. गाडी बिघडलेली असती तर सगळीकडेच तापली असती.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते. अण्णांच्या या वाक्यात वरवर हट्ट दिसत असला तरी आत एक अचूक निरीक्षण होते, आणि माझे लक्ष तेथेच खिळले.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत पोहोचते ती थोडी. बाकीची बरीचशी ऊर्जा धुराबरोबर बाहेर पडते आणि तितकाच मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणारे पाणी शोषून घेते. ते तापलेले पाणी पुढच्या जाळीमागील रॅडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि नळ्यांवरून वाहणारा वारा त्याची उष्णता पळवितो. गाडी वेगात असली की हा वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असली की तो पंख्याने आणावा लागतो. पद्मिनीच्या पिढीतील गाड्यांत हा पंखा पाण्याच्या पंपाच्या पुढच्या टोकाला बसविलेला असतो आणि इंजिनच त्याला रबरी पट्ट्याने फिरविते. म्हणजे इंजिन जितके जोरात, तितका पंखा जोरात. इंजिन मंद, की पंखाही मंद.

येथेच सारी मेख आहे. हमरस्त्यावर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने जात असते तेव्हा समोरून भरपूर वारा येतो आणि पंख्याची गरज जवळजवळ नसते. पण नेमका तेव्हाच तो सर्वांत वेगाने फिरतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला लागणारी शक्ती आठपट होते. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला हा भार निष्कारण वाहावा लागतो. उलट कोंडीत गाडी उभी असते, समोरून वारा अजिबात येत नाही, तेव्हा इंजिन अगदी मंद चालत असते आणि पंखाही जेमतेम फिरतो. ज्या घडीला वारा सर्वाधिक हवा, त्या घडीला तो सर्वांत कमी मिळतो.

हा आराखडा करणाऱ्यांचा दोष नव्हे. ज्या काळी ही गाडी घडली त्या काळी रस्ते मोकळे होते आणि वाहने सतत चालती असत. एका पट्ट्यावर पंप, पंखा आणि वीज निर्माण करणारे यंत्र अशी तीन कामे करून घेणारी ती रचना साधी, स्वस्त आणि खात्रीची होती. गाडी बदलली नव्हती, रस्ता बदलला होता. मागील चाळीस वर्षांत आपण चालत्या रस्त्यावरून थांबलेल्या रस्त्यावर आलो.

तरीही अनुमानावर विसंबून जुन्या गाडीला हात लावू नये. आमचे मिस्त्री अण्णांच्याच वयाचे. त्यांनी प्रथम बाकीच्या सगळ्या शक्यता तपासल्या. रॅडिएटरच्या नळ्यांत कित्येक वर्षांच्या बोअरच्या पाण्याचा क्षार साचला होता. टाकी उघडून रॉडिंग करून घेतले. झाकणाचे रबर कडक झाले होते. ते झाकण बदलले. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीचेच भावंड. ते आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून तो वेळेवर उघडतो की नाही हे पाहिले. पट्ट्याचा ताण पाहिला. साध्या पाण्याऐवजी कूलंट भरले. या सर्वाने पुष्कळ फरक पडला. परंतु दहा मिनिटे एका जागी उभी ठेवली की काटा पुन्हा चढू लागलाच.

मग आम्ही अंगणात एक प्रयोग केला. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले. काटा मध्यापलीकडे गेल्यावर मी दिवाणखान्यातला उभा पंखा आणून जाळीसमोर लावला आणि पूर्ण वेगावर ठेवला. काही वेळ काटा थबकला आणि नंतर खाली येऊ लागला. पंखा बंद केला, काटा पुन्हा चढला. तीन वेळा हेच झाले. अण्णा ओसरीवर उभे राहून पाहत होते. मिस्त्री म्हणाले, “वहिनींनी सिद्धच केलं की वो अण्णा! हिला दुसरं काय नको, उभ्याजागी वारा पायजे.”

उपाय उघड होता. पट्ट्यावरचा पंखा काढायचा आणि विजेवर चालणारा, पाण्याच्या तापमानानुसार आपोआप सुरू व बंद होणारा पंखा बसवायचा. आजच्या बहुतेक मोटारींत असाच पंखा असतो. मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे त्याचा पट्टा रॅडिएटरसमोर येतच नाही. तेथे विजेचा पंखा हाच सोयीचा मार्ग. म्हणून अशा पंख्याचे सुटे भाग आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात.

अण्णांना मात्र हे पटेना, आणि त्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, “पट्ट्यावरचा पंखा इंजिन फिरते आहे तोवर फिरणारच. त्याला कोणाची आज्ञा लागत नाही. तुमच्या या पंख्याला बॅटरी हवी, वायर हवी, रिले हवा, स्विच हवा. एक बिघडणारी वस्तू काढून चार बिघडणाऱ्या वस्तू बसवायच्या, आणि त्याही हिला घेऊन जाताना?”

त्या दिवशी सर्वांचे आवाज थोडे चढले होते. यजमान पुन्हा नव्या गाडीवर आले. तेव्हा आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, “भांडता कशाला? गाडीला वारा पाहिजे, तर वारा द्या. गाडी बदलायची वेळ आली की मी सांगीन.”

तो निर्णय होता. पण अण्णांचे आक्षेप आम्ही बाजूला सारले नाहीत. एकेका आक्षेपाचे उत्तर जोडणीतच द्यायचे ठरविले. पंखा आपोआप सुरू झाला नाही तर? म्हणून स्टिअरिंगखाली हाताने चालू करण्याचा वेगळा खटका. पंखा चालू आहे हे कळणार कसे? म्हणून डॅशबोर्डवर एक छोटा तांबडा दिवा, आणि त्याची वायर रिलेच्या पुढच्या बाजूस, पंख्याकडे जाणाऱ्या तारेवरच जोडलेली. म्हणजे नुसती आज्ञा सुटली की नव्हे, तर प्रत्यक्ष वीज पंख्यापर्यंत गेली की तो लागेल. फ्यूज उडाला तर? म्हणून तसेच दोन फ्यूज हातमोजांच्या कप्प्यात. आणि सगळेच थकले तर? म्हणून जुना लोखंडी पंखा त्याच्या बोल्टांसह डिकीत. गाडीला एकही नवे छिद्र पाडायचे नाही, म्हणजे पाहिजे तेव्हा जुनी रचना परत बसविता येईल. ही शेवटची अट अण्णांची, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटली.

विजेचा हिशेबही आधी करावा लागतो. पंख्याची मोटर दहा अँपिअरच्या आसपास वीज घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरीच जास्त. जुन्या गाड्यांतील डायनामो इंजिन मंद असताना फारच थोडी वीज देतो. पंख्याला वीज हवी असते ती नेमकी तेव्हाच. अशा गाडीत नुसता पंखा बसविला तर एका कोंडीतून सुटताना बॅटरी उतरण्याची भीती. आमच्या गाडीत अण्णांनी पूर्वीच अल्टरनेटर बसवून घेतला होता, म्हणून हा प्रश्न उद्भवला नाही.

जोडणीला एक रविवार लागला. प्रथम बॅटरीची तार सोडली. रॅडिएटर आणि पंपाची पुली यांच्यामध्ये किती जागा आहे हे लाकडी पट्टीने मोजले, कारण मोटरचे पोट मागच्या पुलीला घासता कामा नये. जुना पंखा निघाला, पण पुली जागीच ठेवली. पाण्याचा पंप तिच्यावरच चालतो. पंख्याची जाडी गेल्यामुळे जुने बोल्ट लांब झाले होते, तेव्हा त्यांच्याऐवजी आखूड बोल्ट लावले. नवा पंखा रॅडिएटरच्या नळ्यांना न बांधता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चौकटीला पट्ट्यांनी धरला, कारण नळ्यांतून घातलेली बंधने कंपनाने घासून नळ्यांना भोके पाडतात. तापमानाचा स्विच पाण्याच्या वाटेत बसविला. तो ब्याण्णव अंशांना पंखा लावतो आणि सत्त्याऐंशीला बंद करतो. हा स्विच स्वतः पंख्याची सगळी वीज वाहत नाही. तो फक्त रिलेला इशारा देतो, आणि जाड वायरीतून, फ्यूजमधून जाणारी वीज रिले सोडतो. रिलेचा इशारा गाडीच्या किल्लीतून घेतला, म्हणजे गाडी बंद करून घरात गेल्यावर पंखा बॅटरी पीत बसणार नाही.

शेवटी जोडणी करणाऱ्या मुलाने बॅटरीची तार लावली आणि हाताचा खटका दाबला. पंखा भिरभिरला. मिस्त्रींनी खिशातला कागद काढून जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटण्याऐवजी त्यांच्या तोंडावर उडाला. दोन तारांची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता. वारा आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलत होता. अशा पंख्याने उभी गाडी कशीबशी थंड राहिली असती, पण चालत्या गाडीत त्याने समोरच्या वाऱ्याशीच कुस्ती केली असती. तारा बदलल्या. कागद जाळीला घट्ट चिकटला. अण्णांनी स्वतः पुढे होऊन तो एकदा ओढून पाहिला आणि पुन्हा लावून पाहिला.

पुढच्या मंगळवारी अंकलीच्या अलीकडे नेहमीप्रमाणे रांग लागली. मी मागच्या बाकावर होते. काटा चढू लागला तसे अण्णांचे डोळे रस्त्यापेक्षा तांबड्या दिव्यावरच अधिक होते. दिवा लागला. पुढून एक मंद घरघर सुरू झाली. काटा थांबला, किंचित उतरला, दिवा विझला. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा लागला, पुन्हा विझला. आई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लागला का तुमचा फॅन?” अण्णा म्हणाले, “लागला आणि बंदही झाला. त्याला कळतंय.” त्या हंगामात आईंची पाळी गाडीमुळे एकदाही चुकली नाही.

मोकळ्या रस्त्यावर पंखा आता बहुतेक फिरतच नाही. इंजिनाचा आवाज हलका झाला आहे, चढावर गाडी थोडी मोकळी वाटते. पेट्रोलची बचत झाली असेल तर ती मोजण्याइतकी मोठी नसावी. आम्ही ती मोजलीही नाही. एकदा फ्यूज उडाला. दिवा लागला नाही म्हणून अण्णांना लगेच कळले, आणि मी गाडीतून उतरेपर्यंत त्यांनी तो बदललाही होता. ज्यांना वायर नको होती त्यांनी त्या चार वायरी आमच्या आधी पाठ केल्या होत्या.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना दोन शब्द. गाडी तापते म्हणून लगेच पंखा बदलू नका. झाकण, रॅडिएटर, थर्मोस्टॅट, पट्टा आधी पाहा. गाडी धावतानाही तापत असेल तर दोष वाऱ्यात नाही, पाण्यात आहे. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नका. आतला दाब सुटला की उकळते पाणी अंगावर येते. आणि विजेच्या पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडा. पट्ट्यावरचा पंखा इंजिन बंद असताना फिरत नाही. हा केव्हा फिरू लागेल ते पाण्याचे तापमान ठरविते.

वर्गात या विषयावर शिकविताना मी आता या दोन पंख्यांचे उदाहरण देते. परंतु त्यातली एक गोष्ट फळ्यावर लिहिण्यासारखी नाही. घरातील आजारी माणसाची आपण सर्वजण काळजी घेतो. पण ती बहुधा आपल्या वेगाने. आपली कामे जोरात चालली असतील, घर गजबजलेले असेल, तेव्हा विचारपूसही भरपूर होते. दुपारी सर्वत्र सामसूम असते, माणूस एका जागी पडून असते, आत ताप चढत असतो, तेव्हा वारा घालायला कोणी नसते. आईंच्या शेवटच्या वर्षात अण्णांनी दुकानाची वेळ बदलली. सकाळी भेटायला येणारे पुष्कळ, म्हणून ते सकाळी दुकानात जात आणि दुपारी घरी थांबत. या बदलाचे कारण त्यांनी कोणाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आईंना जाऊन आता दोन वर्षे झाली. पद्मिनी दारात उभीच राहील असे आम्हांला वाटले होते. पण आमच्या गल्लीतील एक गृहस्थ त्याच रुग्णालयात, त्याच दिवशी डायलिसिसला जातात. त्यांचा मुलगा पुण्यात असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता अण्णा गाडी बाहेर काढतात, कूलंटची पातळी पाहतात, खटका दाबून तांबडा दिवा लागतो याची खात्री करून घेतात आणि पुढच्या बाकावर उशी ठेवतात.